छताला धाकटी

मिस्त्रींनी दिवसभर काय काम केलं, हे त्यांच्या बायकोला कधी विचारावं लागलं नाही. बॅटऱ्या सांगायच्या.

संध्याकाळी ते घरी यायचे. दाराशी बूट काढायचे, केसांतली पांढरी भुकटी बाहेरच झटकायचे आणि हत्यारांची पिशवी ओट्याच्या टोकाला ठेवायचे. तिथं भिंतीला एक फळी होती, फळीवर चार्जर. पिशवी उघडायचं काम तिचं. ती एकेक बॅटरी बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पाठीवरचं बारीक बटण दाबून बघायची. सगळे दिवे लागले तर भरलेली, एकच लुकलुकला तर रिकामी. रिकामी असेल ती चार्जरवर जायची. लाल दिवा लागायचा. जेवणं होऊन भांडी घासून होईतो तो हिरवा झालेला असायचा.

लहान बॅटऱ्या रिकाम्या आल्या म्हणजे आज छताचं काम होतं. मोठी रिकामी आली म्हणजे गोल करवत चालली, लाकूड कापलं. सगळ्याच भरलेल्या परत आल्या, की समजायचं, गिऱ्हाइकानं आज नुसतंच झुलवलं. अशा दिवशी ती चहात साखर जरा जास्त घालायची आणि विषय काढायची नाही.

मिस्त्री फॉल्स सीलिंग करायचे. खोलीच्या खऱ्या छताखाली पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा टांगायचा आणि त्याला पांढरे बोर्ड स्क्रूनं आवळायचे. जन्म उंचावर, मान वर करून गेला. "आमच्या ह्यांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत," ती म्हणायची, "टाळूवरून येतात."

कामावर त्यांना छटाक म्हणत. माणूस चांगला उंचापुरा, हाडापेरानं दणकट. घोड्यावर, म्हणजे त्या चार पायांच्या शिडीवर चढले की घोडा कुरकुरायचा. तरी नाव छटाक. ते पडलं बॅटरीवरून. बाकीचे कारागीर ड्रिलला मिळेल ती सगळ्यात मोठी बॅटरी लावायचे आणि दिवसभर वर टिकून राहायचे. मिस्त्री सगळ्यात लहान लावायचे. ती संपली की खाली उतरायचे, दुसरी लावायचे, पुन्हा चढायचे.

"दाजी, सारखं खालीवर करायचा कंटाळा नाही येत तुम्हाला?" बारक्या विचारायचा. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मिस्त्रींच्याच हाताखाली शिकला आणि पुढं त्यांच्याच जोडीनं काम करू लागला.

"बॅटरी संपते ती आपल्यासाठी संपते," मिस्त्री म्हणायचे. "उतरलं, घोटभर पाणी प्यायलं, खांदा सैल सोडला. मोठी लावलीस तर ती दमणार नाही. तू दमशील, आणि तुला कळणार नाही."

"मला तर अजून काही झालं नाही."

"खांदा सुनेसारखा असतो. आधी सगळं ऐकून घेतो."

यावर ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐकतेय मी."

तिलाही त्यांनी सगळं समजावून दिलं होतं. लग्नानंतर पुष्कळ वर्षं वायरचं ड्रिल होतं, मग हे बॅटरीचं आलं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, लहानमोठ्या का आणल्या, एकच मोठी आणायची. त्यांनी तिच्या एका हातात लहान ठेवली, दुसऱ्या हातात मोठी, आणि दोन्ही हात वर कर म्हणाले. ती उभी राहिली. ते चहा पीत बसले. थोड्या वेळानं तिचा एक हात आपोआप खाली आला.

"कळलं?" म्हणाले. "बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. टाकी मोठी असली की पाणी जास्त वेळ पुरतं. स्क्रू आवळायला लागते ती धार लहान टाकीतूनही तेवढीच येते. मग ती मोठी टाकी डोक्यावर धरून उभं कशाला राहायचं?"

"मग मोठी ठेवायचीच कशाला?"

"करवतीसाठी. करवत अधाशी. तिला धाकटी पुरत नाही, ती तापते आणि मध्येच बसते. आणि करवत लाकडावर टेकलेली असते. वजन लाकूड पेलतं, आपण नाही."

तेव्हापासून घरात बॅटऱ्यांना नावंच पडली. धाकटी, मधली, थोरली. धाकट्या बऱ्याच होत्या, थोरली एक. छताला धाकटी, भिंतीला मधली, करवतीला थोरली. शेजारीण एकदा दारात उभी होती. "थोरली तापलीय, जरा पंख्याखाली ठेव," असं मिस्त्री म्हणाले आणि त्या बाईंनी काळजीनं विचारलं, "ताप किती आहे?" त्या गोष्टीवर घर कितीतरी दिवस हसत होतं.

मग एक दिवस धाकट्या भरलेल्या परत आल्या.

तिनं बटण दाबलं. सगळे दिवे. दुसरी घेतली, सगळे दिवे. थोरली मात्र पार रिकामी.

"आज कापाकापी होती का?" तिनं विचारलं.

"नाही. छतच."

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. तिला वाटलं, काम सुटलंय आणि हे आपल्याला सांगत नाहीत. कुठं तरी दुसऱ्याच्या हाताखाली लाकूड कापत असतील. माणूस खोटं बोलेल, बॅटरी कशाला बोलेल. बारक्या घरी आला तेव्हा तिनं आडून विचारलं.

"काय रे, काय चाललंय तुमचं?"

"सीलिंगच की. शाळेचं." तो हसला. "ताई, दाजींना झालंय काय? थोरली लावून वर चढतात. मी म्हटलं, आयुष्यभर आम्हाला शिकवलंत त्याचं काय? म्हणाले, उतरायचा कंटाळा येतो आता. बघ, शेवटी आले आमच्याच लायनीवर."

तीही हसली. पण तिनं त्या दिवसापासून नवऱ्याकडे नीट बघायला सुरुवात केली.

ते कपबशी घेईनासे झाले होते. पेल्यात दे म्हणायचे, आणि पेला अर्धाच भर. पिताना कोपर टेबलावर घट्ट रोवायचे. शर्टाची बटणं रात्री काढायचेच नाहीत, सकाळी शर्ट डोक्यातून घालायचे. गप्पा मारताना उजवी मूठ मांडीखाली असायची. या सगळ्या गोष्टी तिनं पाहिलेल्याच होत्या. फक्त एका माळेत ओवल्या नव्हत्या.

सुट्टीच्या दिवशी मोरीच्या दरवाजाची वरची बिजागरी ढिली झाली म्हणून ते ड्रिल घेऊन उभे राहिले. ती आतून बघत होती. ड्रिलला धाकटी होती. ड्रिलच्या पुढच्या बिटाचं टोक स्क्रूच्या डोक्यावर बसेना. माशी बसावी की नको करते तसं ते टोक भोवती फिरत राहिलं. मिस्त्रींनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी नाही. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. ती दाराआड झाली. त्यांनी पिशवीतून थोरली काढली, लावली, हात वर केला. टोक स्क्रूवर बसलं. बसलं ते हललं नाही. एका दमात स्क्रू आत गेला.

ती ओट्याशी परत गेली आणि विनाकारण भांडं घासत बसली.

डॉक्टरकडे जायला त्यांना राजी करण्यात बरेच दिवस गेले. "हात आहे, झोपाळा नाही, थांबेल," असं म्हणायचे. शेवटी तिनं जेवण वाढलं आणि स्वतः समोर बसून राहिली, जेवली नाही. तेव्हा उठले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कागद दिला आणि गोगलगायीच्या पाठीसारखं गोल गोल काढा म्हणाल्या. मिस्त्री बोर्डावर दिव्याच्या भोकासाठी नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे, आणि लोक मोजून बघायचे. त्यांनी पेन घेतलं. कागदावर वाऱ्यात धरलेल्या धाग्यासारखं काही तरी उमटलं. ते त्यांनीच उलटं करून ठेवलं.

"हा कंपवात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण कंप आहे. जिवाला काही धोका नाही."

"म्हणजे बराच काळ चालेल," मिस्त्री म्हणाले.

त्यांना हात म्हणायचा होता की आजार, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. थोडा कमी होईल, जाणार नाही. हळूहळू वाढेल. "उंचावरची कामं मात्र बंद करा."

"बाई, मी जमिनीवरचं काम शिकलोच नाही."

दोघं बाहेर पडली. औषधाच्या दुकानाशी ते थांबले.

"बारक्याला सांगू नकोस."

"का?"

"तो मला घोड्यावर चढू देणार नाही."

"मग चढू नका. खाली बसून कापाकापी करा. वरचं तो करेल."

"कापाकापी करणाऱ्याला कुणी मिस्त्री म्हणतं का? आणि या हातात करवत द्यायची?" त्यांनी मूठ वळून खिशात घातली. "हातात जड असलं की हात गप्प बसतो. लहान मुलाला कुणी तरी पोटाशी धरावं तसा. थोरली लावली की कुणाला कळत नाही. झाकली मूठ आहे तोवर झाकली राहू दे."

तिनं मान हलवली. होकाराची की नकाराची, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. पण बारक्याला तिनं सांगितलं नाही, म्हणजे होकाराचीच.

रोज संध्याकाळी ती थोरली चार्जरवर लावायची. धाकट्या पिशवीत जशाच्या तशा पडून राहायच्या, भरलेल्या. त्या पुसायचीही गरज नसे. तरी ती पुसायची.

काही महिन्यांत थोरलीही पुरेना. वेळ पुरत होता, वजन पुरेना. हात तिच्याखालीही हलू लागला. मग मिस्त्रींनी आणखी मोठी आणली. विटेएवढी. ती बसवली की ड्रिल उभंच राहायचं, जमिनीवर, स्वतःच्या पायावर. बारक्यानं ती हातात घेऊन पाहिली.

"हिचं नाव सासूबाई," तो म्हणाला. "जड, आणि काही केल्या उतरत नाही."

"तुझी की माझी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमची सासू म्हणजे माझी आई, दाजी. बेतानं बोला."

सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा. हसताना त्यांचा उजवा हात सासूबाईवर होता, आणि तो शांत होता.

आता खांदा गेला. इतकी वर्षं जपलेला खांदा. रात्री कूस बदलताना ते कण्हायचे. सकाळी ती तेल लावायची तेव्हा हाताखाली गाठी लागायच्या. ती म्हणायची, हे तुम्हीच सांगायचात ना. ते म्हणायचे, सांगत होतो म्हणून तर नेमकं कुठं दुखणार ते ठाऊक होतं.

लोक बोलू लागले ते बारक्यानं सांगितलं. तो चिडलेला होता. चहा तसाच गार होत होता.

"हसतात ताई. कुणी तरी विचारलं, छटाकाचा मण कधी झाला? आता दाजींनी काही तरी फटकारायला हवं होतं ना? नुसते हसले. ज्यांना यांनी शिकवलं तेच आता म्हणतात, म्हाताऱ्याचं आपलं काही तरी होतं, शेवटी मोठीच खरी. मला इतका राग आला. आणि मी विचारलं की मलाच म्हणतात, तू तुझं बघ. माझ्यावर कसला राग आहे का त्यांचा?"

"वय होतं माणसाचं," ती म्हणाली.

"वय झालं की हलकं लावतात. जड कोण लावतं?"

तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. ती उठली आणि त्याचा चहा गरम करून आणला.

तिला सगळ्यात जास्त हेच लागत होतं. माणसानं वर्षानुवर्षं एक गोष्ट धरून ठेवली. तिच्यापायी टोपणनाव घेतलं, चेष्टा सोसली. आता ती गोष्ट सगळ्यांसमोर मोडायची आणि का मोडली ते सांगायचं नाही. अडाणी दिसलं तरी चालेल, हात दिसता कामा नये.

मग एका हॉलचं काम आलं. छत उंच. मिस्त्री घोड्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आणि बारक्या खाली, बोर्डाला टेकू देऊन, तोंड वर करून. ती रोज सकाळी दोघांना डबे द्यायची आणि बारक्याच्या डोक्याकडे बघायची. दोघा भावंडांची आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला आई आठवतही नव्हती. त्याला तिनंच वाढवला होता. त्या कपाळावर तिनं किती वेळा हात ठेवून ताप पाहिला होता.

एके संध्याकाळी दोघं एकत्रच आले. बारक्याच्या कपाळावर पट्टी होती.

"सासूबाईंनी आशीर्वाद दिला," तो म्हणाला.

मिस्त्री सरळ आत गेले.

"घामानं ड्रिल हातातून सटकलं म्हणतात. चालायचंच. नुसतं ओझरतं लागलं."

तिनं त्याला उजेडाकडे वळवलं. पट्टी भुवईला टेकली होती. बोटभर खाली असती तर डोळा होता. आणि सरळ टाळूवर पडती तर काय, हे तिनं मनात पुरं होऊ दिलं नाही.

तो गेल्यावर ती आत गेली. मिस्त्री पलंगाच्या काठावर बसले होते. दोन्ही हात मांडीखाली.

"खांद्यानं दगा दिला," ते म्हणाले. "हातानं नाही. हात स्थिर होता."

"उद्यापासून जाऊ नका."

"एवढा हॉल होऊ दे."

"शाळेच्या वेळीही असंच म्हणालात."

"एवढा होऊ दे. हॉलनंतर बघू."

"आणि तोवर तो खाली उभा राहणार."

ते त्या रात्री जेवले नाहीत.

तिनं पिशवी उघडली. थोरली काढली, मधली काढली, सासूबाई काढली. तिन्ही फडताळात जुन्या चादरींमागं ठेवल्या. मग धाकट्या एकेक करून काढल्या, पुसल्या आणि चार्जरवर लावल्या. इतके दिवस पडून राहून त्या थोड्या उतरल्या होत्या. लाल दिवा लागला. ती तिथंच उभी राहिली, तो हिरवा होईपर्यंत.

पिशवी तपासायची त्यांना सवय नव्हती. ते तिचं खातं होतं. पण सकाळी त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं गेले आणि दारात थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वजनाचा ज्याचा अंदाज जन्मात चुकला नाही, तो माणूस. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. तिला वाटलं, आता बोलतील. आता पिशवी खाली ठेवतील, उघडतील, विचारतील.

"येतो," ते म्हणाले.

आणि गेले.

पुढचं तिला बारक्यानं सांगितलं. तो दुपारीच घरी आला होता. मिस्त्री बाहेर कट्ट्यावर बसले होते, आत आले नव्हते.

"पिशवी उघडली तर सगळ्या धाकट्या. मी म्हटलं, ताईची चूक झाली, थांबा, माझी देतो. पण माझी दुसऱ्या कंपनीची, त्यांच्या ड्रिलला बसत नाही. म्हटलं, मग माझं ड्रिलच घ्या. नको म्हणाले. धाकटी लावली आणि चढले. मला वाटलं, बरं झालं, आले मूळ वळणावर. मी बोर्डाला टेकू दिला. पहिला स्क्रू खाली पडला. दुसरा पडला. म्हटलं, पडतात कधी कधी. मग मी वर बघितलं, ताई." तो थांबला. "ते टोक बोर्डावर नुसतं फिरत होतं. खर्र खर्र करत. नव्या बोर्डावर ओरखडेच ओरखडे. भुकटी माझ्या डोळ्यांत पडत होती आणि मला टेकू सोडता येईना. हॉलमधले सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं."

"मग?"

"मी म्हटलं, दाजी, खाली या. ते आले. एकेक पायरी. ड्रिल माझ्या हातात दिलं. उलट्या बादलीवर बसले आणि हात समोर धरून बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा." त्यानं डोळे पुसले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस? मीही हसत होतो ताई. मी सासूबाई म्हणत होतो."

सांगितलं असतं तर त्यांचा हात उघडा पडला असता. सांगितलं नाही तर याचं कपाळ फुटलं. आणि शेवटी न सांगता तिनं जे केलं, त्यात हात उघडा पडलाच, तोही भर हॉलमध्ये.

"मी त्यांना म्हटलं," बारक्या म्हणाला, "ताईनं चुकीच्या बॅटऱ्या भरल्या. तर म्हणाले, नाही. तिनं बरोबर भरल्या. छताला धाकटीच."

संध्याकाळी मिस्त्री आत आले. पिशवी ओट्याच्या टोकाला ठेवली, रोजच्यासारखी. तिनं अर्धा पेला चहा समोर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. थोडा सांडला. त्यांनी लपवलं नाही. तिनं पुसलं नाही.

"पिशवी हलकी लागली तुम्हाला," ती म्हणाली. "दारात."

"हो."

"मग गेलात का?"

त्यांनी पेला खाली ठेवला.

"वर्षभर मला वाटायचं, कुणी तरी खाली उतर म्हणावं," ते म्हणाले. "बॅटरी मोठी होती ना. संपतच नव्हती."

हॉल बारक्यानं पुरा केला. ओरखडे लांबी भरून बुजवले, रंग दिला. खालून काही दिसत नाही म्हणतो. मिस्त्रींनी ड्रिल त्यालाच दिलं, धाकट्या दिल्या, मधली दिली, करवतीसकट थोरली दिली. तो आता वर चढताना धाकटीच लावतो. कामावर त्याला छटाक म्हणू लागलेत. हे त्यानं एकदा घरी हसत हसत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याला कळलं की सांगायला नको होतं.

सासूबाई तेवढी घरात राहिली. तिला बारक्या हात लावेना.

मिस्त्री खिडकीशी बसतात. गोळ्या घेतात. कंप थोडा कमी आहे, थोडा वाढला आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच. जिवाला काही धोका नाही. कधी कधी मान वर करून छताकडे बघतात. घरातलं छत साधंच आहे, खालून चुना दिलेलं. स्वतःच्या घराला कधी सीलिंग केलं नाही. राहून गेलं.

ती संध्याकाळी ओट्याशी येते. फळीवर एकच चार्जर उरला आहे. त्यांनीच तिला सांगितलं होतं, फार दिवस रिकामी ठेवली तर बॅटरी मरते, मग चार्ज घेत नाही. म्हणून ती सासूबाईला फडक्यानं पुसते आणि चार्जरवर लावते. धूळ नसते, तरी पुसते.

लाल दिवा लागतो आणि लगेच हिरवा होतो. तिला काही विचारावं लागत नाही. ती चहात साखर जरा जास्त घालते.